71,000 किलोमीटर पळालेली की चार वर्षं उभी असलेली? दोन जुन्या मोटारसायकलींतली निवड

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. दोन गाड्या आहेत, किंमत जवळपास सारखीच. पहिली 2008 ची, 150 सीसी, एक सिलिंडर, एअर-कूल्ड, कार्ब्युरेटरवाली. मीटरवर 71,000 किलोमीटर, मालक एकच, गाडी रोजच्या वापरातली. टाकीवर ओरखडे आहेत, टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा) थोडा आवाज येतो, सर्व्हिसच्या पावत्या जपून ठेवलेल्या आहेत. दुसरी 2005 ची, 400 सीसी, दोन सिलिंडर, लिक्विड-कूल्ड, दोन कार्ब्युरेटर. मीटरवर फक्त 16,000, रंग चकचकीत, पण गेली चार वर्षं शेडमध्ये उभी. मालक म्हणतो, ‘नवी बॅटरी टाकली की लगेच चालू होईल.’ तुम्हाला रोज कामावर ये-जा करायला गाडी हवी आहे, हात काळे करायची तयारी आहे, पण खरेदीनंतर खिशात फारसं काही उरणार नाही.

या शेवटच्या वाक्यावर माझं उत्तर ठरतं. पहिली घ्या, मात्र खाली सांगतो त्या तपासण्यांतून ती पार पडली तरच. दुसरी आज तुमच्या कामाची नाही.

पंधरा-वीस वर्षं जुन्या गाडीत मॉडेलचा मोठेपणा फारसा शिल्लक नसतो. कारखान्यातून बाहेर पडताना ती कशी होती, यापेक्षा गेल्या पाच वर्षांत तिला कुणी आणि कसं सांभाळलं याला जास्त वजन आहे. जुन्या गाड्या दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं आहे, आणि गिऱ्हाइकाला सगळ्यात महाग पडतात त्या ‘कमी पळालेल्या’ गाड्या, हे मी सतत बघत आलो आहे.

उभ्या गाडीत नेमकं काय होतं ते नीट समजून घ्या, कारण मीटरवरचा छोटा आकडा भल्याभल्यांना भुलवतो.

सुरुवात पेट्रोलपासून. टाकीत आणि कार्ब्युरेटरच्या वाटीत राहिलेल्या पेट्रोलमधला हलका भाग काही महिन्यांतच उडून जातो आणि मागे चिकट, वार्निशसारखा थर उरतो. हा थर सगळ्यात आधी पायलट जेट, म्हणजे कमी रेसला पेट्रोल सोडणारं बारीक जेट, बुजवतो. त्या जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असतं. मग गाडी चोकवर चालू होते, पण चोक बंद केला की बंद पडते. रेस दिली तर पळते, सिग्नलला मात्र उभी राहत नाही. अशी गाडी दाखवताना मालक हात एक्सिलरेटरवरून काढतच नाही, तिकडे लक्ष ठेवा. तुमच्या दुसऱ्या गाडीत हे काम दोनदा करायचं आहे: दोन्ही कार्ब्युरेटर उतरवायचे, उघडायचे, जेट साफ करायचे, कडक झालेले ओ-रिंग आणि वाटीचे गॅस्केट बदलायचे, आणि बसवल्यावर दोन्हींचं व्हॅक्यूम गेज लावून जुळवायचं. जुळवणी चुकली तर एक सिलिंडर दुसऱ्याला ओढत राहतो आणि गाडी कमी रेसला थरथरते. एअर बॉक्स आणि इंजिन यांच्यामधले रबरी बूट वीस वर्षांत लाकडासारखे कडक झालेले असतात. ते काढताना फाटले तर नवे शोधण्यात आठवडे जातात.

पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर आणखी एक गोष्ट घडते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी ठरावीक प्रमाणाबाहेर गेलं की वेगळं होऊन तळाशी बसतं आणि टाकी आतून गंजते. झाकण उघडून टॉर्च मारा आणि तळाचा, विशेषतः कोपऱ्यांचा रंग बघा. आत तांबूस पापुद्रे दिसले तर कार्ब्युरेटर कितीही वेळा साफ करा, ते पुन्हा पुन्हा भरतील. आधी टाकीच करावी लागते.

आता जरा धोक्याची गोष्ट. पेट्रोलचा कॉक नीट बंद होत नसेल आणि फ्लोटची सुई अडकली असेल तर पेट्रोल हळूहळू सिलिंडरमधून झिरपत इंजिन ऑइलमध्ये उतरतं. म्हणून उभी गाडी चालू करण्याआधी ऑइलची पातळी बघा आणि डिपस्टिक नाकाशी धरा. पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर सेल्फला हातही लावू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला आधार देत नाही. पाच मिनिटांच्या ‘बघा, चालू झाली’मध्ये क्रँकचं जे नुकसान होतं ते पुढच्या महिन्यात ऐकू येतं. शिवाय सिलिंडरमध्ये पेट्रोल साठलं असेल आणि तुम्ही सेल्फ मारला, तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

सिलिंडरच्या आतही बघायला हवं. गाडी उभी राहते तेव्हा बहुधा एखादा व्हॉल्व्ह उघडा असतो, तिथून दमट हवा आत जाते. पिस्टन रिंग ज्या जागी टेकलेल्या असतात तिथे सिलिंडरच्या भिंतीवर गंजाची बारीक रेघ उठू शकते. म्हणून शहाणा माणूस आधी स्पार्क प्लग काढतो, भोकातून थोडं ऑइल सोडतो, थोडा वेळ मुरू देतो, मग गाडी टॉप गिअरला टाकून मागचं चाक हाताने फिरवत इंजिन हलवतो. चाक एका जागी अडतंय किंवा खरखरतंय असं जाणवलं तर तिथेच थांबायचं. मालक याला तयार नसेल आणि जंपर लावून धडाधड सेल्फ मारत असेल, तर त्या गाडीची चार वर्षं कशी गेली असतील याचा अंदाज बांधायला हरकत नाही.

रबराचं वय किलोमीटरवर मोजत नाहीत. ब्रेकचं ऑइल हवेतला ओलावा ओढतं, म्हणून वापर असो-नसो, साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. चार वर्षं बसलेलं ऑइल तपकिरी होतं, कॅलिपरच्या पिस्टनभोवती गंज आणि पांढरी भुकटी जमते, आणि ब्रेक दाबला की धरतो पण सुटत नाही. पुढचं चाक उचलून ब्रेक दाबा, सोडा आणि चाक हाताने फिरवा. अडत असेल तर कॅलिपर उघडणं आलं. ब्रेकचे रबरी होज बहुतेक जपानी कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये चार वर्षांनी बदलायला सांगितलेले असतात. 2005 च्या गाडीवर ते मूळचेच असण्याची शक्यता दांडगी आहे. फोर्कचे (पुढच्या सस्पेन्शनचे) ऑइल सील सुकून आखडतात आणि पहिल्याच दोन-तीन खड्ड्यांत गळायला लागतात. फोर्कच्या चकचकीत नळीवरून नख वर-खाली फिरवा. गंजाचा बारीकसा खड्डा नखाला लागला, तर नवा सीलसुद्धा तो फाडणार.

लिक्विड-कूल्ड गाडीत हे सगळं झाल्यावर कूलंटचं वेगळं खातं उघडावं लागतं. रेडिएटरचं झाकण इंजिन थंड असतानाच उघडा. कूलंट स्वच्छ रंगाचा हवा. तपकिरी पाणी म्हणजे कुणीतरी साधं पाणी भरलं आहे आणि आतली ॲल्युमिनियमची वाट खाल्ली जाते आहे. वॉटर पंपाच्या खाली एक लहान भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. तिथे ओल किंवा वाळलेला हिरवा-पांढरा डाग दिसला तर पंपाचा सील गेला आहे. होज दाबून बघा, चिरा आहेत का ते पाहा. आणि गाडी चालू झालीच तर पंखा आपोआप सुरू होईपर्यंत तिथून हलू नका.

आता हे सगळं जोडा. कार्ब्युरेटर, टाकी, ब्रेक, फोर्क सील, कूलंट, बॅटरी, टायर. यातलं एकेक काम अवघड नाही. पण सगळी एकदम अंगावर येतात, आणि गाडी रोज लागणाऱ्या माणसाला ती एका मागून एक, रस्त्यात बंद पडत पडत कळतात. तुमचे खरेदीनंतरचे पैसे इथे पहिल्याच महिन्यात संपतील.

दुसरीची बाजूही मांडतो, कारण तिच्यावर अन्याय नको. मीटर खरं असेल आणि सिलिंडरमध्ये गंज चढला नसेल तर तिचं इंजिन आतून जवळजवळ नवं असेल. ज्याच्याकडे रोजची दुसरी सोय आहे, बसून काम करायला जागा आहे, दोन-चार महिने थांबायची तयारी आहे, त्याला मी हीच गाडी घ्यायला सांगितली असती. 400 सीसीचं जुळं इंजिन लांबच्या रस्त्यावर 150 पेक्षा कितीतरी आरामात पळतं. तुमची गरज मात्र रोजची आहे.

पहिल्या गाडीकडे वळू. 71,000 हा आकडा ऐकून दचकू नका. रोज चालणाऱ्या गाडीचं ऑइल फिरत राहतं, सील ओले राहतात, पेट्रोल ताजं असतं, आणि बिघडलेली गोष्ट मालकाला त्याच आठवड्यात कळते, कारण त्याला उद्या कामावर जायचं असतं. पावत्यांमध्ये ऑइल बदलल्याच्या तारखा आणि त्या वेळचं मीटर रीडिंग लिहिलेलं आहे का बघा. ठरावीक अंतराने ऑइल बदललेलं छोटं एअर-कूल्ड इंजिन या आकड्याला थकलेलं असेलच असं नाही. चेनसेट, क्लच प्लेट, कोनसेट (हँडलचे बेअरिंग) एकदा बदलून झाले असतील तर उलट चांगलंच, तो खर्च आधीच्या मालकाने केला आहे.

टॅपेटच्या आवाजाची तुम्हाला काळजी वाटते आहे. हलकी, एकसारखी टिकटिक करणारी टॅपेट मला चालते. मला भीती वाटते ती अगदी गप्प इंजिनाची. व्हॉल्व्हची फट वापरासोबत कमीही होऊ शकते. ती संपली की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाही, त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि त्याची कड जळते. अशा इंजिनाचा आवाज गोड असतो, कॉम्प्रेशन मात्र गेलेलं असतं. तुमच्या गाडीत स्क्रू आणि लॉकनटवाले टॅपेट असतील तर फीलर गेजने अर्ध्या तासात बसवता येतात. इंजिन पूर्ण थंड हवं आणि पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या वरच्या टोकाला हवा, एवढं पाळा. फट किती ठेवायची ते त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या. टिकटिकीऐवजी खोल ठकठक येत असेल, ओझ्याखाली वाढत असेल, तर ती टॅपेट नाही. बिग एंडची, म्हणजे क्रँकवरच्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची, असू शकते, आणि तिथे बोलणी संपवायची. रेस सोडताना डाव्या किंवा उजव्या बाजूने साखळी घासल्यासारखी खळखळ येत असेल तर टायमिंग चेन किंवा तिचा टेन्शनर बघावा लागेल.

तपासायला जाताना आदल्या दिवशीच मालकाला सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोहोचल्यावर नमस्कार-चमत्कार चालू असतानाच इंजिनाच्या थंडाव्याच्या पात्यांवर (फिन्सवर) आणि सायलेन्सरच्या वाकाला हात लावा, आधी लांबून धग घेऊन. कोमट असेल तर चहा घ्या, गप्पा मारा, पण गार होईपर्यंत थांबा. थंड इंजिन खोटं बोलत नाही. चोक ओढून ते किती प्रयत्नांत चालू होतं, चोक कधी सोडता येतो आणि सोडल्यावर स्लो रनिंग स्थिर राहतं का, या तिन्ही गोष्टींवरून कार्ब्युरेटर, प्लग आणि कॉम्प्रेशन यांचा पहिला अंदाज येतो.

त्याच वेळी मागे उभं राहून धूर बघा. थंडीत सुरुवातीला निघणारी पांढरी वाफ थोड्या वेळात जाते, ती सोडून द्या. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतं आहे. प्रश्न एवढाच की कुठून. गाडी मिनिटभर स्लोवर ठेवा आणि मग एकदम रेस द्या. तेव्हाच एक निळा भपका निघून थांबला तर बहुधा व्हॉल्व्हचे स्टेम सील गेले आहेत. हे काम आटोक्यातलं आहे. चढावर, ओझ्याखाली, सतत निळा धूर सोडत असेल तर रिंग आणि सिलिंडर झिजले आहेत, म्हणजे ब्लॉकचं काम आलं. काळा धूर पेट्रोल जास्त जातंय म्हणून. एअर फिल्टर किंवा अडकलेला चोक इथपासून शोधायला सुरुवात करायची.

कॉम्प्रेशन गेज कुणाकडून मागून आणता आला तर जरूर न्या. इंजिन गरम करून, प्लग काढून, एक्सिलरेटर पूर्ण उघडा धरून किक किंवा सेल्फ मारायचा, सुई वर चढायची थांबेपर्यंत. आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलशी ताडून बघा. कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चांगला वाढला तर गळती रिंगमधून आहे, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटमधून. मात्र काही गाड्यांत किक हलकी जावी म्हणून डीकॉम्प्रेशनची सोय असते, तिथे आकडा मुळातच कमी दिसतो; मॅन्युअल न बघता निकाल देऊ नका.

चालवताना सगळ्यात जास्त लक्ष दुसऱ्या गिअरवर ठेवा. मोकळा रस्ता बघून दुसऱ्यात टाका, जोरात उचला, मग एक्सिलरेटर एकदम सोडा, पुन्हा उचला. असं काही वेळा करा. गिअर टपकन न्यूट्रलकडे उडी मारत असेल तर गाडी परत करा आणि घरी या. गिअरचे डॉग (गिअर एकमेकांत अडकवणारे दात) किंवा सिलेक्टर फोर्क (गिअर सरकवणारे काटे) झिजलेले असतात, आणि तिथवर पोहोचायला बहुतेक गाड्यांत पूर्ण इंजिन उतरवून इंजिनाची पेटी दोन भागांत उघडावी लागते. स्वस्त गाडीवर हा खर्च कधीच वसूल होत नाही. क्लचसाठी वरच्या गिअरमध्ये कमी वेगाला एक्सिलरेटर पूर्ण उघडा; रेस चढली आणि वेग चढला नाही तर क्लच सरकतो आहे. हे तुलनेने सोपं काम आहे, किमतीतून वळतं करा.

मग गाडी मधल्या स्टँडवर घ्या आणि कुणाला तरी मागे दाबायला सांगून पुढचं चाक हवेत आणा. हँडल अगदी हळू, दोन बोटांनी, डावीकडून उजवीकडे फिरवा. बरोबर मध्यावर, सरळ चालताना हँडल असतं तिथे, खाच लागल्यासारखं अडलं तर कोनसेट गेला आहे. चालवताना हे कळत नाही, फक्त गाडी सरळ रेषेत किंचित शोधत चालल्यासारखी वाटते. फोर्कचं खालचं टोक पुढे-मागे हलवा, खटखट आली तरी तेच. मागचं चाक हवेत घेऊन स्विंग आर्म बाजूला ओढा. तिथे हालचाल म्हणजे बुश किंवा बेअरिंग.

अपघाताची खूण शोधायची तर स्टिअरिंग हेडच्या खाली, जिथे हँडल वळण्याची हद्द संपते तिथले लोखंडी स्टॉपर बघा. समोरून जोरात धडकलेल्या गाडीत ते चेपलेले किंवा वाकलेले असतात आणि रंगाखाली सहसा लपत नाहीत. हेडजवळच्या फ्रेमच्या नळीवर रंगाला सुरकुती किंवा आडवी चीर असेल तर ती गाडी कितीही स्वस्त असो, नको. टाकीवरचे ओरखडे मात्र विसरून जा.

बाकीच्या गोष्टी झटपट. टायरवर डीओटी या अक्षरांनंतरच्या शेवटच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं: 2314 म्हणजे 2014 चा तेविसावा आठवडा. दहा वर्षांचा टायर नक्षी कितीही खोल असली तरी बदलायचाच. ओल्या रस्त्यावर कडक रबर धरत नाही. दुसऱ्या गाडीवर हे आवर्जून बघा. मागच्या स्प्रॉकेटच्या मागच्या टोकाला चेन ओढा; अर्ध्याहून जास्त दात उघडा पडला तर चेनसेट संपला. मल्टिमीटर असेल तर बंद गाडीच्या चांगल्या बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत, मध्यम रेसला साधारण 13.5 ते 14.5. रेस दिली तरी आकडा वाढला नाही तर कॉइल किंवा रेक्टिफायर (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा भाग). 15 च्या वर गेला तर रेक्टिफायर बॅटरी उकळवतो आहे. त्याचा प्लास्टिकचा कनेक्टर करपलेला आहे का, तेही बघून घ्या.

16,000 चा आकडा पडताळायचा असेल तर पाय ठेवायचे रबर, ब्रेकच्या पेडलची कड आणि हँडलच्या ग्रिप बघा. मीटर बदलता येतं, पेडलची झिजलेली कड सहसा कुणी बदलत नाही.

सुट्या भागांचा मुद्दा लोक शेवटी विचारतात, खरं तर घर सोडण्याआधी विचारावा. दोन्ही गाड्यांचे क्लच केबल, ब्रेक पॅड किंवा शू, गॅस्केट सेट आणि रेक्टिफायर सहज मिळतात का, हे फोनवर विचारून घ्या. साधेपणाची किंमत इथे कळते. होंडाची सीजी125 1976 मध्ये आली तेव्हा तिच्या इंजिनात ओव्हरहेड कॅमऐवजी मुद्दाम पुशरॉड (व्हॉल्व्ह सळईने उघडण्याची साधी रचना) ठेवले होते, कारण अनेक देशांत सर्व्हिस वेळेवर होत नाही हे कंपनीने जाणलं होतं. ती गाडी कित्येक वर्षं बनत राहिली. रोज राबणाऱ्या गाडीत बिघडायला कमी वस्तू असणं हा मोठा गुण आहे, आणि तुमच्या 150 मध्ये रेडिएटर नाही, वॉटर पंप नाही, दुसरा कार्ब्युरेटर नाही.

कागदांच्या बाबतीत तडजोड नको. फ्रेमवर आणि इंजिनवर ठोकलेला नंबर स्वतः डोळ्यांनी वाचा, कागदाशी अक्षर न् अक्षर जुळवा, आणि गाडीवर कर्ज बाकी नाही याची खात्री करा. नंबर घासलेला दिसला तर पुढे काही विचारू नका.

म्हणजे पहिली गाडी थंड असताना नीट चालू झाली, ओझ्याखाली निळा धूर नाही, दुसरा गिअर उडत नाही आणि फ्रेम सरळ आहे, एवढं झालं की घ्या. कोनसेट, चेनसेट, क्लच, टायर यांत काही निघालं तर त्या कामांचा अंदाज मिस्त्रीकडून घेऊन तेवढी रक्कम किमतीतून कमी करायला सांगा. मालक तोंडी ‘किरकोळ आहे’ म्हणाला तर त्यालाच ते किरकोळ काम करून द्यायला सांगा. थंड चालू होणं, धूर, दुसरा गिअर आणि फ्रेम या चारांतलं एक जरी नापास झालं तर दोन्ही सोडा आणि तिसरी शोधा. पहिली नापास झाली म्हणून दुसरी पास होत नाही.

गाडी घरी आली की लांब कुठे नेण्याआधी इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला, पुढे डिस्क असेल तर ब्रेक ऑइल बदला, प्लग आणि एअर फिल्टर नवे टाका, टॅपेट बसवा, चेन साफ करून ताण बघा. काढलेलं ऑइल पांढऱ्या भांड्यात ओता आणि उन्हात तिरकं धरून बघा. तळाशी करडी, पिठासारखी बारीक भुकटी चालते. चमकणारे कण किंवा चुंबकाला चिकटणारे तुकडे दिसले तर गाडी रस्त्यावर न आणता आधी मिस्त्रीला दाखवा.